वरच्या मजल्याचा आवाज आणि खालच्या मजल्याची झोप

सोसायटीच्या तक्रारवहीत सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य म्हणजे ‘वरचे लोक फार आवाज करतात’. सेक्रेटरीला या वाक्याचं काहीच करता येत नाही. कोणता आवाज, किती वाजता, किती वेळ, कुठल्या खोलीत, यातलं काहीच त्यात नसतं. कमिटीचे दोघे वर जाऊन विचारतात, वरचे म्हणतात ‘आम्ही तर दहाला झोपतो’, आणि प्रकरण कागदावर संपतं. जिन्यात मात्र ते सुरूच राहतं. कमिटीत बसून अशा तक्रारी दोन्ही बाजूंनी हाताळल्या की एक गोष्ट पक्की होते. आवाजाची जात ओळखल्याशिवाय शेजाऱ्याकडे जाऊ नये, सोसायटीकडे जाऊ नये आणि पोलिसांकडे तर मुळीच जाऊ नये. कारण प्रत्येक जातीचा उपाय वेगळा आहे, आणि कायदा त्यातल्या एकाच जातीच्या बाबतीत खरा जोरात आहे.

आवाज घरात दोन वाटांनी येतो. पहिली वाट हवेची: गाणी, टीव्ही, भांडण, कुत्र्याचं भुंकणं. हा आवाज मुख्यतः खिडकीतून, दाराखालच्या फटीतून आणि डक्टमधून शिरतो. दुसरी वाट बांधकामाची: खुर्ची ओढणं, टाचा आपटत चालणं, खलबत्ता, घरघंटी, वॉशिंग मशीनचं स्पिन. इथे हवा नाही, स्लॅब हलतो, आणि तो हादरा बीम-कॉलममधून पसरत जातो. ओळखायची सोपी रीत अशी: आवाज चालू असताना सगळ्या खिडक्या घट्ट लावा. ठळक फरक पडला तर तो हवेतून येतोय. काडीचाही फरक पडला नाही तर भिंतीवर तळहात टेका, कॉलमला कान लावा. तिथे तो जास्त स्पष्ट लागला तर वाट बांधकामाची.

हे करून पाहायचं आणखी एक कारण म्हणजे संशयित चुकतो. काँक्रीटमधून आलेला हादरा थेट डोक्यावरून आल्यासारखाच वाटतो. प्रत्यक्षात तो तिरक्या फ्लॅटमधून किंवा दोन मजले वरूनही आलेला असतो. रात्री गोट्या पडून घरंगळल्यासारखा जो आवाज येतो, तो तर तक्रारवहीत हमखास असतो. ‘वरची मुलं रात्री एक वाजता गोट्या खेळतात.’ वर मुलंच नसतात! बहुतेक वेळा तो पाइपातला पाण्याचा ठोका असतो: वाहतं पाणी नळ किंवा व्हॉल्व्ह एकदम बंद झाल्यावर अडतं, दाबाचा धक्का पाइपभर मागे-पुढे धावतो आणि सैल क्लॅम्पवर पाइप टकटकतो. त्याचा इलाज शेजाऱ्याकडे नाही, प्लंबरकडे आहे. पाइपाचे क्लॅम्प आवळून मध्ये रबर घालायचं, पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, तपासायचा. पहाटे ठरावीक वेळी सुरू होऊन ठरावीक वेळी बंद पडणारी घरघर असेल तर आधी वॉचमनला पंपाची वेळ विचारा. पंप थेट काँक्रीटच्या ओट्यावर बोल्टने आवळलेला असतो, खाली रबरी माउंट नसतात आणि पाइपाला रबरी बेलोज, म्हणजे हादरा गिळणारा लवचीक जोड, नसतो. मग पहिल्या मजल्यावरच्या माणसाला वाटतं, शेजारच्यांनी गिरणी टाकली.

जात कळली की वही काढा. दोन आठवडे पुरतात. फोनमधल्या नोट्सपेक्षा साधी वही बरी, कारण ती पुढे कमिटीपुढे ठेवता येते आणि तिच्यावर शाईने लिहिलेलं असतं. नोंद अशी हवी:

‘शनिवार, रात्री ११.१० ते १२.२५. स्पीकरवर गाणी, ठोका जास्त. बेडरूममध्ये खिडकी लावूनही शब्द कळत होते. ११.४० ला इंटरकॉमवर सांगितलं, पाच मिनिटं कमी झालं, पुन्हा वाढलं.’

‘असह्य’, ‘मुद्दाम’, ‘नेहमीचंच’ असले शब्द नोंदीत नकोत. शब्द कळत होते की नाही, हे ‘असह्य’पेक्षा दहापट उपयोगाचं. कमिटी, पोलीस, वकील सगळ्यांना त्यातून चित्र दिसतं. आवाज नसलेले दिवसही लिहा. ‘सोमवार ते गुरुवार काही नाही’ ही नोंद तुमच्या बाजूने बोलते, कारण माणूस उगाच कटकट करणारा नाही हे त्यातून दिसतं. आणि वहीतून आवाजाचा आकृतिबंध आपोआप उलगडतो: फक्त शुक्रवार-शनिवार, किंवा रोज सकाळी सव्वासहाला, किंवा घरकाम करणाऱ्या ताई येतात तेव्हाच. शेवटचं निघालं तर अर्धं काम झालं. फरशी पुसताना खुर्च्या ओढल्या जातात, घरच्यांना ते ठाऊकही नसतं.

रेकॉर्डिंगबद्दल गैरसमज फार आहेत. फोन आपोआप आवाजाची पातळी जुळवतो: शांततेत बारीक आवाज मोठा करतो, मोठा आवाज दाबतो. त्यामुळे रेकॉर्डिंगवरून ‘किती मोठा’ हे सिद्ध होत नाही, ‘काय आणि केव्हा’ एवढंच होतं. म्हणून व्हिडिओच घ्या, स्वतःच्या घरात उभं राहून, आधी भिंतीवरचं घड्याळ दाखवा, मग खोली, मग बंद खिडकी, आणि तोंडाने काहीही न बोलता दोन मिनिटं तसंच धरून ठेवा. मध्ये स्वतःचाच वैतागलेला शेरा ऐकू आला की व्हिडिओचं वजन जातं. शेजाऱ्याच्या दारा-खिडकीकडे कॅमेरा वळवू नका, उलटी तक्रार होते. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत दाबलेली असते. प्रकरण कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी मूळ फाइल व मूळ फोन हाताशी असलेला बरा.

डेसिबल मोजणारी ॲप्स लोक उत्साहाने टाकतात. अंदाजापुरती ठीक आहेत. पण एक खोच समजून घ्या. नियमांतले सगळे आकडे ‘ए’ वजनाच्या डेसिबलमध्ये आहेत, म्हणजे माणसाच्या कानाला कमी जाणवणारे खालचे सूर मोजताना वजा केले जातात. ६३ हर्ट्झला ही वजावट जवळपास २६ डेसिबल आहे. होम थिएटरचा वूफर नेमका याच पट्ट्यात धडधडतो. म्हणून छातीत ठोका जाणवतो, दाराची कडी थरथरते आणि ॲप मात्र ४२ दाखवतं. ॲपमध्ये ‘सी’ वजनाची, म्हणजे खालचे सूर फारसे वजा न करता मोजायची, सोय असेल तर दोन्ही आकडे लिहून ठेवा. सी आणि ए यांच्यात १५-२० चं अंतर दिसलं की त्रास बासचा, म्हणजे खालच्या सुरांचा आहे, आणि मग शेजाऱ्याला ‘आवाज कमी करा’ म्हणण्याऐवजी ‘वूफर जमिनीवरून उचला, कोपऱ्यातून पुढे सरकवा आणि रात्री बंद ठेवा’ असं नेमकं सांगता येतं. कोपऱ्यात ठेवलेला वूफर जास्त घुमतो. फरशीवर ठेवलेला थेट स्लॅबमध्ये उतरतो.

आता शेजाऱ्याशी बोलणं. इथे वेळ चुकली की पुढचं सगळं चुकतं. आवाज चालू असताना, रात्री, रागात, दार वाजवू नये. आत पाहुणे असतात आणि त्यांच्यासमोर कुणीही माघार घेत नाही. झाडूच्या दांड्याने छत ठोकणं तर सोडूनच द्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास किंवा रविवारी सकाळी चहाच्या वेळेला जावं, एकट्याने नाही, पण चौघांनीही नाही. शक्यतो घरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीबरोबर. आरोपाने सुरुवात करू नये.

‘काका, एक विचारायचं होतं. रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या बेडरूमवर काहीतरी सरकवल्यासारखं वाजतं. तुमच्याकडे त्या वेळी पलंग किंवा खुर्ची हलते का? एकदा खाली येऊन ऐकता का? मी वर थांबून खुर्ची ओढून दाखवते.’

हे ‘खाली येऊन ऐका’ म्हणजे माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतलं सर्वांत उपयोगी पाऊल. वरच्या माणसाला स्वतःच्या घरात खुर्चीचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. खालच्या खोलीत उभं राहून तोच आवाज ऐकला की चेहरा बदलतो. अगदी अडेल वाटणारी माणसंही इथे विरघळताना पाहिली आहेत. भाडेकरू असेल तर बोलणं भाडेकरूशीच करा, पण वहीत मालकाचं नाव आणि फोन लिहून ठेवा.

पटलं तर लगेच उपाय हातात द्या, कारण ‘बघतो’ म्हणणारा माणूस स्वतःहून बाजारात जात नाही. खुर्चीच्या पायाला चिकटवायचे फेल्ट पॅड शंभर-दोनशे रुपयांत मिळतात, पण आपल्याकडे ते टिकत नाहीत. रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जाते, गोंद सुटतो, पॅड महिनाभरात सोफ्याखाली सापडतो. डायनिंगच्या खुर्च्यांना पायात घट्ट बसणारी रबरी बुटं घाला. पायाची जाडी मोजून न्या. गोल पायाला २२ आणि २५ मिलिमीटर यांतला फरकसुद्धा बूट गळून पडायला पुरतो. लाकडी चौकोनी पायाला फेल्टच हवं असेल तर खिळ्याचं घ्या, चिकटपट्टीचं नको. पलंग करकरत असेल तर तो बहुधा नटबोल्ट सैल झाल्यामुळे; स्पॅनर घेऊन दहा मिनिटांचं काम. घरघंटी आणि वॉशिंग मशीनखाली जाड रबरी पॅड, आणि मशीन भिंतीपासून चार बोटं दूर. भिंतीला टेकलेलं मशीन पॅड घालूनही भिंतीतून हादरा देतच राहतं. मशीनचे चारही पाय समपातळीत नसतील तर पॅडचा उपयोग शून्य. मिक्सरखाली नुसता नॅपकिन दुमडून घातला तरी फरक पडतो. खलबत्ता ओट्यावर किंवा जमिनीवर न कुटता खाली दुमडलेलं गोणपाट. आजोबांची काठी टकटकते तिचं टोकाचं रबर झिजलेलं असतं. नवं बूच औषधाच्या दुकानात मिळतं.

झोपाळ्याचं वेगळं सांगायला हवं. हॉलमधला झोपाळा हा आपला खास विषय, आणि त्याची तक्रार खालून नाही तर वरून येते. कड्या स्लॅबमध्ये ठोकलेल्या असतात, आणि दुपारी दोनला आजी झोका घेऊ लागल्या की वरच्या घरात जमिनीतून कुरकुर येते. नुसतं तेल घालून आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच, कारण लोखंडावर लोखंड घासतंच आहे. कडीत नायलॉनचा बुश किंवा बेअरिंगची कडी बसवली की मिटतं.

यातून सुटलं नाही तर सोसायटी. अर्ज लेखी, दोन प्रती, एकीवर सेक्रेटरी किंवा मॅनेजरची सही, शिक्का, तारीख. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला संताप म्हणजे अर्ज नव्हे. त्याने एवढंच होतं की दोन तट पडतात आणि समोरचा स्क्रीनशॉट घेऊन बदनामीची तक्रार करायला मोकळा होतो. अर्जात एकच विषय ठेवा. आवाज, पार्किंग, गळती, बाल्कनीतून टपकणारं कुंड्यांचं पाणी असं सगळं एकाच कागदावर आलं की कमिटी त्यातला सगळ्यात सोपा मुद्दा निवडते आणि कुंड्या हलवून फाइल बंद करते. वहीतल्या नोंदींची प्रत जोडा. खालचा, शेजारचा, तिरका अशा आणखी एका-दोन फ्लॅटनी सही केली तर अर्जाचं वजन एकदम वाढतं, पण त्यांना खरोखर त्रास असेल तरच. मैत्रीखातर केलेली सही कमिटीसमोर उभं केल्यावर गळते.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, इतर सभासदांना त्रास किंवा उपद्रव होईल असं काही सदनिकेत करू नये, ही तरतूद आहे. अर्ज कमिटीच्या पुढच्या बैठकीत ठेवला जावा आणि निर्णय लेखी कळवला जावा, असा आग्रह धरा. इतिवृत्तात विषय आला का, ते विचारा. त्यानंतर कमिटी दोन्ही बाजूंना बोलावते, लेखी समज देते, आणि सर्वसाधारण सभेने उपविधींनुसार दंड ठरवलेला असेल तर तो लावते. कमिटीला काय करता येत नाही तेही लक्षात असू द्या: पाणी तोडणं, लिफ्ट बंद करणं, मोलकरणीला गेटवर अडवणं. हे सगळं बेकायदा आहे, आणि असा ठराव करणारी कमिटी तुमची चांगली बाजू वाईट करून ठेवते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३५ प्रमाणे सभासदाला काढून टाकता येतं खरं, पण त्यासाठी त्याच कामासाठी बोलावलेल्या सभेत हजर व मतदान करणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश बहुमत, सभासदाला म्हणणं मांडायची संधी आणि निबंधकांची मंजुरी लागते. आवाजासाठी हे हत्यार उगारणं म्हणजे निव्वळ धमकी, आणि समोरच्याला ते कळतं.

भाडेकरूच्या बाबतीत कमिटीचा हात जरा लांब पोचतो. लीव्ह अँड लायसन्सच्या करारात शेजाऱ्यांना उपद्रव न देण्याचं कलम बहुतेक वेळा असतंच; मालकाला रजिस्टर्ड पत्र गेलं की त्याला अनामत, मुदत आणि पुढचा करार आठवतो. फ्लॅटचं नूतनीकरण असेल तर प्रश्न आणखी सोपा, कारण तिथे आधी परवानगी लागते. परवानगीपत्रातच लिहून घ्या: ब्रेकर आणि हिल्टी ही फोडायची-भोकं पाडायची यंत्रं फक्त सकाळी १० ते १ आणि ३ ते ६, रविवारी व सणाला बंद, तोडफोडीचे दिवस आधी नोटीस बोर्डावर, अनामत रक्कम जमा. वेळा प्रत्येक सोसायटीच्या वेगळ्या असतात. मुद्दा एवढाच की त्या काम सुरू होण्याआधी कागदावर हव्यात. टाइल्स फोडायला माणसं आल्यावर नियम करायला बसलं की उपयोग होत नाही.

पोलिसांकडे कधी जावं? इथेच लोक सगळ्यात जास्त निराश होतात, कारण चुकीचा आवाज घेऊन जातात. केंद्राचे ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० हे मुख्यतः लाउडस्पीकर, वाद्य, ध्वनिवर्धक, फटाके, हॉर्न आणि बांधकामाची यंत्रं यांच्यासाठी आहेत. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. खाजगी जागेतल्या स्पीकरचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये. रात्री लाउडस्पीकर, वाद्य किंवा आवाज वाढवणारं कोणतंही साधन वापरायला बंदी आहे. सभागृहासारख्या बंद जागेत आतल्या आत वापर आणि सार्वजनिक आणीबाणी एवढाच अपवाद. गच्चीवरची पार्टी या अपवादात बसत नाही. निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रंही चालवता येत नाहीत. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सणासुदीला रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात, यादी आधी पाहून ठेवा, नाहीतर गणपतीतल्या नेमक्या सवलतीच्या रात्री फोन करून तुम्हीच तोंडघशी पडता.

म्हणजे दहानंतरचा स्पीकर, डीजे, ढोल यांसाठी डेसिबल मोजत बसायची गरजच नाही, वेळ पुरते. नियमातली तक्रारीची तरतूदही तशीच आहे: मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज, किंवा रात्रीच्या बंदीचा भंग, यांपैकी काहीही एक चालतं. पण चालणं, धावणारी मुलं, रडणारं तान्हं बाळ, सकाळचा मिक्सर यांना हे नियम लागू करायला गेलात तर ठाणे अंमलदार हसून परत पाठवेल, आणि मला वाटतं बरोबरच करेल. बाळाच्या रडण्यावर कायदा नसावाच. कुत्र्याचं म्हणाल तर सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. रात्रभर बाल्कनीत बांधून ठेवलेला कुत्रा आत घ्यायला लावणं, एवढ्यावर बोलणी करावी.

फोन ११२ वर. ‘खूप आवाज आहे’ म्हणू नका. इमारतीचं नाव, विंग, मजला, जवळची खूण, ‘दहा वाजून गेलेत, स्पीकर लावलाय, अजून चालू आहे’, एवढं सलग सांगा. फोन केल्याची वेळ वहीत लिहा. रेकॉर्डिंग गाडी येण्याआधीच करून ठेवा; गेटवर गाडीचा दिवा दिसला की आवाज आपोआप उतरतो, वॉचमनचा इंटरकॉम पोलिसांपेक्षा जलद असतो. बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, समज देऊन जातात, बहुतेक रात्री तेवढ्यावर भागतं. ते गेल्यावर अर्ध्या तासाने आवाज पुन्हा चढला तर पुन्हा फोन करा, लाजू नका. दुसऱ्या फोननंतरची नोंदच पुढे उपयोगी पडते. नाव उघड होण्याची भीती वाटत असेल तर २३ जानेवारी २०२५ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा. तो प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांच्या प्रकरणातला आहे, पण त्यात पोलिसांना सांगितलंय की तक्रारदाराची ओळख पडताळत बसू नका आणि ती कळली असेल तर समोरच्याला सांगू नका.

वारंवार होत असेल तर दिवसा पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे, एक पान, सोबत वहीची प्रत, सोसायटीचं पत्र, फोन केल्याच्या तारखा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. बहुतेक वेळा अदखलपात्र नोंद होते, म्हणजे एनसी. एनसी झाली की न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, त्यामुळे ‘एनसी झाली, आता आत टाकतील’ या भ्रमात राहू नका. तिचा उपयोग नोंदीपुरता. गुन्हा घडू नये म्हणून पोलीस देतात त्या ताकिदीला पूर्वी ‘१४९ ची नोटीस’ म्हणत; तिचं काम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ने होतं, आणि ‘१०७ ची चॅप्टर केस’ आता कलम १२६ मध्ये आहे: शांतता राखण्याचा बाँड लिहून द्यावा लागतो. ठाण्यात अजूनही जुनेच आकडे बोलले जातात, अर्जात मात्र नवे लिहा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३८ लोकांना फारसं माहीत नाही. आसपास राहणाऱ्यांना त्रास होत असेल तर एखाद्या जागेतलं गाणं-बजावणं किंवा आवाज करणारा व्यवसाय लेखी आदेशाने रोखायचा, नियंत्रित करायचा अधिकार त्यात पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांना आहे. फ्लॅटमध्ये सुरू केलेला झुंबा क्लास, शिलाईची चार मशीनं, रात्रीचा म्युझिक स्टुडिओ यांसाठी या कलमाचा उल्लेख करून अर्ज वरच्या कार्यालयात द्यावा, आणि निवासी जागेच्या व्यावसायिक वापराची तक्रार त्याच दिवशी महापालिकेत.

दिवाणी कोर्ट हा शेवटचा टप्पा. वकिलाची नोटीस, मग मनाईहुकमाचा दावा, त्यात तात्पुरत्या मनाईचा अर्ज. खर्च आणि वर्षं दोन्ही जातात. रोजचं, मोजता येणारं, एकाच स्रोतातून येणारं काही असेल, म्हणजे एसीचं बाहेरचं युनिट, पंप, यंत्र, तर हा मार्ग पकडण्यात अर्थ आहे. खुर्च्यांसाठी नाही.

दरम्यान स्वतःच्या घरात काय करता येतं? हवेतून येणाऱ्या आवाजाला फट हा सगळ्यात मोठा शत्रू. भिंत किंवा दार कितीही जड असो, एकूण क्षेत्रफळाच्या एक टक्का जागा उघडी राहिली की २० डेसिबलपलीकडे अडवणूक होत नाही. म्हणून आधी दाराच्या तळाला रबरी पट्टी, स्लायडिंग खिडकीच्या झिजलेल्या ब्रश-पट्ट्या बदलणं, एसीच्या पाइपाचं भोक बुजवणं. मगच जड काचेचा विचार. भिंतीला अंड्याच्या ट्रेसारखा फोम लावून काही अडत नाही. तो खोलीतला घुमारा कमी करतो, शेजाऱ्याचा आवाज नाही. पावलांच्या धडधडीवर फॉल्स सीलिंगही निराशच करतं, कारण नेहमीच्या पद्धतीत त्याचा सांगाडा स्लॅबलाच टांगलेला असतो आणि हादरा भिंतींतूनही उतरतो. तो पैसा वरच्यांच्या गालिच्यावर खर्च करायची तयारी दाखवा. स्वस्त पडतं आणि काम करतं. फोमचे इअरप्लग नीट बसत नाहीत म्हणून लोक फेकून देतात. पीळ देऊन बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वरच्या टोकाला धरून वर-मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे.

प्रकरण मिटलं की पोलीस ठाण्यातून किंवा कमिटीकडून ‘तक्रार मागे घेतली असं लिहून द्या’ म्हणून फोन येतो. मागे घेतली असं लिहू नका. त्याचा अर्थ तक्रार खोटी होती असा लावला जातो. ‘अमुक तारखेपासून त्रास बंद आहे, सध्या कार्यवाहीची गरज नाही, पुन्हा त्रास झाल्यास पुन्हा अर्ज करीन’ एवढंच लिहा, प्रतीवर पोच घ्या, आणि ती प्रत त्याच वहीत चिकटवा.